पडद्यावरची वैमानिक आणि कागदावरचा नियम

७ मे २०२५ रोजी सकाळी 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती देण्यासाठी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यासमवेत दोन महिला अधिकारी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आल्या, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. एक होत्या लष्कराच्या कर्नल सोफिया कुरेशी आणि दुसऱ्या हवाई दलाच्या विंग कमांडर व्योमिका सिंग. व्योमिका सिंग या हेलिकॉप्टर वैमानिक. चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरे त्यांनी डोंगराळ प्रदेशात चालवलेली आहेत. २००४ मध्ये त्या हवाई दलात दाखल झाल्या आणि २०१९ मध्ये त्यांना कायमस्वरूपी कमिशन मिळाले.

नेमक्या त्याच २००४ मध्ये चीता हेलिकॉप्टर चालवणारी दुसरी एक महिला अधिकारी हवाई दलातून बाहेर पडली होती. फ्लाइट लेफ्टनंट गुंजन सक्सेना हे तिचे नाव. १९९९ च्या कारगिल युद्धात तिने प्रत्यक्ष युद्धक्षेत्रावर उड्डाणे केली होती. जखमी जवानांना खाली आणणे, पुढच्या ठाण्यांना रसद पोहोचवणे, शत्रूच्या जागा हेरणे अशी ती कामे होती. मात्र ती शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर होती आणि तिच्या पिढीतील महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन दिले जात नव्हते.

हेलिकॉप्टर तेच आणि पर्वतही तसेच. एकीची कारकीर्द आठ वर्षांत आटोपली, तर दुसरी दोन दशकांनंतर देशाच्या वतीने जगाला माहिती देत होती. हा फरक धाडसाचा नाही, कौशल्याचाही नाही. तो मधल्या काळात बदललेल्या एका नियमाचा आहे. गुंजन सक्सेना यांच्या जीवनावर २०२० मध्ये चित्रपट आला, त्यावरून मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. परंतु त्या साऱ्या गदारोळात या नियमाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. युद्धातील महिला वैमानिक पडद्यावर येते तेव्हा असे वारंवार का घडते, याचा विचार करण्याची आवश्यकता आहे.

वाद कशाचा होता?

'गुंजन सक्सेना : द कारगिल गर्ल' हा शरण शर्मा दिग्दर्शित चित्रपट १२ ऑगस्ट २०२० रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. धर्मा प्रॉडक्शन्सची निर्मिती, जान्हवी कपूर नायिकेच्या भूमिकेत आणि पंकज त्रिपाठी तिच्या वडिलांच्या. लहानपणी वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणारी मुलगी, तिच्या पाठीशी उभे राहणारे लष्करी अधिकारी वडील आणि उधमपूरच्या तळावर तिला सामावून घेण्यास तयार नसलेले पुरुष सहकारी, असा कथेचा ढाचा आहे. सहकारी तिच्याबरोबर उड्डाण टाळतात. कपडे बदलण्यासाठी तिला खोली नसते. एका प्रसंगी तर तिची दुर्बलता सिद्ध करण्यासाठी सर्वांदेखत तिला पंजा लढवायला लावले जाते.

हवाई दलाने याला तीव्र आक्षेप घेतला. चित्रपटातील काही दृश्ये आणि संवाद हवाई दलाची अकारण नकारात्मक प्रतिमा उभी करतात, महिलांबाबतच्या दलातील कार्यसंस्कृतीचे चुकीचे चित्र रंगवतात, अशा आशयाचे पत्र दलाने चित्रपट प्रमाणन मंडळाला पाठविले. पुढे केंद्र सरकार दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने प्रदर्शनाला अंतरिम स्थगिती देण्यास नकार दिला. चित्रपट लोकांसमोर आलेलाच आहे, आक्षेप होता तर आधी का आला नाहीत, असा न्यायालयाचा प्रश्न होता.

सर्वांत लक्षणीय आक्षेप मात्र एका महिला वैमानिकाकडूनच आला. निवृत्त फ्लाइट लेफ्टनंट श्रीविद्या राजन या गुंजन सक्सेना यांच्याबरोबरच प्रशिक्षण घेऊन १९९६ मध्ये उधमपूरला नियुक्त झाल्या होत्या. चित्रपटात गुंजन ही त्या तळावरील एकमेव महिला दाखविली आहे. वस्तुतः त्या दोघी होत्या. इतकेच नव्हे, तर कारगिलच्या मोहिमेसाठी पुरुष सहकाऱ्यांबरोबर प्रथम गेलेली महिला वैमानिक आपण होतो, असे राजन यांनी जाहीरपणे सांगितले. पंजा लढविण्याचा प्रसंग घडलाच नाही, असेही त्यांचे म्हणणे. आरंभी कपडे बदलण्यासाठी वेगळी खोली नव्हती आणि काही सहकाऱ्यांच्या मनात पूर्वग्रह होते, हे त्यांनी मान्य केले. परंतु बहुतेकांनी आपल्याला साथ दिली, अशी त्यांची साक्ष आहे.

स्वतः गुंजन सक्सेना यांची भूमिकाही नीट ऐकण्यासारखी आहे. पूर्वग्रह असलेल्या व्यक्ती होत्या, पण संस्था म्हणून हवाई दलाने आपल्याबाबत भेदभाव केला नाही आणि समान संधी दिली, असे त्यांचे म्हणणे होते. शौर्य चक्राबाबतही त्यांना खुलासा करावा लागला. हे पदक त्यांना मिळाल्याचे अनेक ठिकाणी छापून आले होते. आपण तसा दावा कधीच केला नव्हता, एका नागरी संस्थेने दिलेल्या पुरस्काराच्या नावावरून हा घोटाळा झाला, असे त्यांनी स्पष्ट केले.

दोघांच्याही सोयीचा विषय

या वादात एक बाजू म्हणत होती, पुरुष सहकारी वाईट वागले. दुसरी बाजू म्हणत होती, ते चांगले वागले. म्हणजे दोन्ही बाजूंच्या लेखी विषय एकच होता, पुरुषांचे वागणे.

चित्रपटाची अडचण समजण्यासारखी आहे. पडद्याला खलनायक लागतो आणि त्याला चेहरा असावा लागतो. मंत्रालयातील एखादे परिपत्रक पडद्यावर दाखवता येत नाही आणि 'सेवेची मुदत संपली' या वाक्यावर शिट्ट्या पडत नाहीत. म्हणून नियमाचे काम चार उद्धट अधिकाऱ्यांकडे सोपवले जाते. नायिका त्यांना जिंकते, शेवटी ते तिला सलाम करतात आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. जणू काही प्रश्न सुटलाच!

हवाई दलाची अडचण वेगळी. कारगिलच्या वेळी महिला लढाऊ विमाने चालवू शकत नव्हत्या. हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमाने एवढेच क्षेत्र त्यांना खुले होते, कारण ते प्रत्यक्ष लढाईचे मानले जात नव्हते. कारगिलने या वर्गवारीचा फोलपणा दाखवून दिला. २८ मे १९९९ रोजी हवाई दलाचे एक एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि चौघे जण शहीद झाले. चीता तर त्याहून लहान आणि निःशस्त्र. शत्रूच्या क्षेपणास्त्राला ही वर्गवारी ठाऊक नव्हती. जोखीम घ्यायला महिला चालत होती, मात्र कायमची नोकरी द्यायची वेळ आली की नियम आडवा येत होता. 'आमच्याकडे महिलांना सन्मानाने वागवले जाते' हे विधान खरे मानले, तरी या विसंगतीचे उत्तर त्यात मिळत नाही.

याच वर्षातील आणखी एक घटना या वादाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी कमिशनचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना केंद्र सरकारच्या वतीने लेखी म्हणणे मांडले गेले. लष्करातील जवान प्रामुख्याने ग्रामीण पार्श्वभूमीचे असतात, महिला अधिकाऱ्याचे नेतृत्व स्वीकारण्याची त्यांची मानसिकता अद्याप तयार झालेली नाही, असा त्याचा आशय होता. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद लिंगभेदावर आधारलेल्या ठोकळेबाज समजुतींचा असल्याचे सांगून फेटाळला. महिला अधिकाऱ्यांच्या कामगिरीचे दाखले देताना न्यायालयाने ज्यांचा उल्लेख केला, त्यांत सोफिया कुरेशी यांचेही नाव होते.

लष्कर वेगळे आणि हवाई दल वेगळे, हे मान्य. तरीही ही दोन्ही दले एकाच संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. पुरुष सैनिक महिलेला स्वीकारणार नाहीत, असे फेब्रुवारीत न्यायालयात सांगायचे आणि तेच एखाद्या चित्रपटाने दाखविले की सप्टेंबरात न्यायालयाचे दार ठोठावायचे, हा विरोधाभास त्या वेळी चर्चेत यायला हवा होता.

सोव्हिएत आकाश, अमेरिकी नोंदवही

हा पेच केवळ भारताचा नाही. महिलांनी युद्धात विमाने चालविल्याचा इतिहास दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जातो आणि त्यांच्या पडद्यावरील चित्रणाचाही.

सोव्हिएत संघाने मरीना रास्कोवा यांच्या पुढाकाराने महिलांच्या तीन हवाई रेजिमेंट उभारल्या. त्यांपैकी ५८८ क्रमांकाची रात्रीच्या बॉम्बहल्ल्यांची रेजिमेंट सर्वाधिक प्रसिद्धी पावली. लाकूड आणि कापडाची पो-२ ही मंद गतीची विमाने घेऊन या तरुणी जर्मन फळीवर जात, इंजिन बंद करून निःशब्द तरंगत येत आणि बॉम्ब टाकून परतत. जर्मन सैनिकांनी त्यांना 'रात्रीच्या चेटकिणी' म्हटले. या रेजिमेंटमधील २३ जणींना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च किताब मिळाला. युद्ध संपताच, १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये रेजिमेंट विसर्जित करण्यात आली.

त्यांचे चित्रण दोन प्रकारे झाले. लिओनिद बिकोव यांचा १९७३ मधील युद्धपट सोव्हिएत प्रेक्षकांत अत्यंत लोकप्रिय ठरला. लढाऊ वैमानिकांच्या तुकडीची ही कथा. तीत रात्रीच्या बॉम्बफेकी विमानावरील दोन मुली येतात. त्यांतील एकीवर तुकडीतील एका वैमानिकाचे प्रेम जडते आणि अखेरीस त्या दोघींच्या कबरीपाशी पुरुष शोक करतात. चित्रपट हृद्य आहे, यात शंका नाही. परंतु त्या मुली तेथे येतात त्या पुरुषांच्या प्रेमाचा आणि दुःखाचा विषय म्हणून.

दुसरा चित्रपट १९८१ चा. 'आकाशात रात्रीच्या चेटकिणी' असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. त्याच्या दिग्दर्शिका येवगेनिया झिगुलेंको या स्वतः त्या रेजिमेंटच्या वैमानिक होत्या. युद्धात ९६८ उड्डाणे आणि 'सोव्हिएत संघाचा वीर' किताब, अशी त्यांची कामगिरी. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी त्या चित्रपट दिग्दर्शन शिकल्या आणि आपल्या मैत्रिणींची कथा त्यांनी स्वतः सांगितली. जी विमान चालविते तिच्याच हाती कॅमेरा येणे, हा योग जगाच्या चित्रपट इतिहासात दुर्मीळ म्हटला पाहिजे.

अमेरिकेत याच काळात 'वास्प' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १,०७४ महिलांनी लष्करी विमाने कारखान्यातून तळांवर पोहोचविणे, सरावासाठी लक्ष्य ओढून नेणे, दुरुस्त विमानांची चाचणी घेणे अशी कामे केली. ३८ जणींना प्राण गमवावे लागले. परंतु कागदोपत्री त्या नागरी कर्मचारी होत्या. त्यामुळे मृत्यूनंतरही त्यांच्या वाट्याला लष्करी इतमाम आला नाही. १९४४ मध्ये 'लेडीज करेजस' हा त्यांच्यासारख्या वैमानिकांवरील चित्रपट आला. त्यात कामापेक्षा आपसांतील हेवेदावे आणि भावनिक गुंतागुंत यांनाच अधिक जागा मिळाली. त्याच वर्षी त्यांना लष्करी दर्जा देण्याचे विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये फेटाळले गेले आणि डिसेंबरात संघटनाच बंद झाली. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा देणारा कायदा होण्यास १९७७ साल उजाडले. तेथेही महिलेचे विमान कधी अडले नाही. अडला तो तिचा नोंदवहीतील रकाना.

'तेजस', 'फायटर' आणि समाजमाध्यमे

आपल्याकडे २०१५ मध्ये महिलांना लढाऊ विमाने चालविण्यास प्रायोगिक तत्त्वावर परवानगी देण्याचा निर्णय झाला. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी त्या शाखेत दाखल झाल्या. २०२२ मध्ये हा प्रयोग कायम करण्यात आला. साहजिकच हिंदी चित्रपटातील वैमानिक नायिकाही हेलिकॉप्टरमधून लढाऊ विमानाकडे वळली.

२०२३ च्या 'तेजस'मध्ये कंगना राणावत यांची नायिका स्वदेशी बनावटीचे तेजस विमान घेऊन शत्रूच्या प्रदेशात जाते. वास्तवात हे विमान चालविणारी पहिली महिला म्हणून मोहना सिंग यांचे नाव पुढे आले ते त्यानंतर, २०२४ मध्ये. पडदा वास्तवाच्या पुढे धावला, असे म्हणता येईल. परंतु नायिकेचे काम कसे चालते, याची उत्सुकता त्याला फारशी नव्हती. चित्रपट तिकीट खिडकीवर कोसळला. २०२४ च्या 'फायटर'मध्ये दीपिका पदुकोण बचाव मोहिमांवरील हेलिकॉप्टर वैमानिक आहे. तिची व्यथा अशी की, मुलीने हे क्षेत्र निवडलेले आई-वडिलांना रुचलेले नाही आणि त्यांचे मन वळवायला नायक जातो. येथे अडथळा तळावरून उठून घरात गेला इतकेच. नियमाच्या वाटेला हाही चित्रपट जात नाही.

पडद्याचा अर्थही आता केवळ चित्रपटापुरता उरलेला नाही. मे २०२५ मधील संघर्षाच्या दिवसांत राफेल चालविणाऱ्या शिवांगी सिंग यांना पाकिस्तानात पकडल्याची खोटी बातमी समाजमाध्यमांतून पसरविण्यात आली. सरकारच्या तथ्य-तपासणी विभागाला ती खोटी असल्याचे जाहीर करावे लागले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अंबाला येथे राफेलमधून उड्डाण केले, तेव्हा शिवांगी सिंग यांच्यासमवेतचे त्यांचे छायाचित्र सर्वत्र झळकले. शत्रूच्या प्रचारात महिला वैमानिक ही युद्धातील लूट ठरते आणि आपल्या प्रचारात अभिमानाचे प्रतीक. दोन्हीकडे ती प्रतिमाच असते. तिच्या सेवाशर्ती काय आहेत, हे दोन्ही चित्रांत दिसत नाही.

खरी लढाई न्यायालयात

त्या सेवाशर्ती काय आहेत? शॉर्ट सर्व्हिस कमिशनवरील अधिकाऱ्याला साधारणपणे कमाल चौदा वर्षे सेवा मिळते. निवृत्तिवेतनासाठी मात्र वीस वर्षांची सेवा लागते. म्हणजे विशीत दाखल झालेली महिला चाळिशीच्या आत बाहेर पडते आणि तिला निवृत्तिवेतन नसते. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये महिलांना कायमस्वरूपी कमिशन देण्याचा निकाल दिला. लष्कराबाबतचा वाद पुढे दहा वर्षे चालला.

परंतु तोवर ज्या बाहेर पडल्या होत्या, त्यांचे काय? १९९३ ते १९९८ या काळात हवाई दलात दाखल झालेल्या, म्हणजे नेमक्या गुंजन सक्सेना यांच्या पिढीतील ३२ महिला अधिकाऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पाच वर्षांनंतर कायमस्वरूपी कमिशनसाठी आपला विचार होईल, या १९९१ च्या धोरणावर विसंबून त्या दलात आल्या होत्या. प्रत्यक्षात त्यांना मुदतवाढ मिळत गेली आणि २००६ ते २००९ या काळात त्यांना सेवामुक्त करण्यात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला नाही, मात्र निवृत्तिवेतनासाठी त्यांचा विचार करण्यास सांगितले. न्याय मिळाला, पण उड्डाणाची वर्षे निघून गेल्यावर.

ही गोष्ट जुनी झाली असेही नाही. कुरेशी आणि व्योमिका सिंग पडद्यावर झळकल्या, त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, २२ मे २०२५ रोजी विंग कमांडर निकिता पांडे यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्या वैमानिक नव्हेत. जमिनीवरून लढाऊ विमानांचे संचालन करणाऱ्या फायटर कंट्रोलर. बालाकोट आणि सिंदूर या दोन्ही मोहिमांत त्यांचा सहभाग होता आणि साडेतेरा वर्षांहून अधिक सेवेनंतर कायमस्वरूपी कमिशनअभावी त्यांना बाहेर पडावे लागणार होते. न्यायालयाने त्यांना तूर्त सेवेतून मुक्त न करण्याचा आदेश दिला. कायमस्वरूपी कमिशनच्या जागा मर्यादित असतात आणि दले तरुण ठेवावी लागतात, ही सरकारची बाजू अगदीच निराधार नाही. शॉर्ट सर्व्हिसवरील पुरुष अधिकाऱ्यांनाही सेवेतून बाहेर पडावे लागते. परंतु स्पर्धा सर्वांसाठी सारखी असणे आणि स्पर्धेत उतरण्याची संधीच पंधरा-वीस वर्षे उशिरा मिळणे, यांत फरक आहे.

खडकवासल्याहून निघालेली वाट

या पार्श्वभूमीवर आशेला जागा आहे ती पुण्याजवळच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दरवाजे मुलींना उघडले आणि २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी तेथे दाखल झाली. ३० मे २०२५ रोजी त्या तुकडीतील १७ जणी तीनशेहून अधिक मुलांबरोबर संचलन करून बाहेर पडल्या. प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या कॅडेटची वाट आरंभापासूनच कायमस्वरूपी कमिशनकडे जाते. चौदाव्या वर्षी न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ तिच्यावर येऊ नये, अशी निदान व्यवस्था तरी आहे.

यांच्यापैकी कुणी उद्या युद्धात उड्डाण करील आणि तिच्यावर चित्रपटही निघेल. तो काढणाऱ्याने पंजा लढविण्याचा प्रसंग अवश्य घालावा, निर्मात्याला तेवढे स्वातंत्र्य असतेच. फक्त एक प्रसंग त्याने विसरू नये. युद्ध संपले आहे, अभिनंदनाचे हारतुरे झाले आहेत आणि वैमानिक एका कार्यालयात बसून सेवामुक्तीच्या कागदावर सही करते आहे. तेथे कोणी तिचा अपमान करीत नाही. समोरचा कारकून तिला अदबीने 'मॅडम' म्हणतो, चहा देतो. तो माणूस चांगलाच आहे. नियम तेवढा चांगला नाही. गुंजन सक्सेना यांच्या पिढीची खरी कथा त्या सहीत आहे आणि ती अद्याप पडद्यावर यायची आहे.